निव्वळ

सुपडू तोताराम महाजन, वय ८१.
केसपेपरवर तेच, आधारवर तेच,
जन्मतारीख एक जून.
धरणगावच्या शाळेत त्या वर्षी नाव घातलेली
निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती.

नाना खरे अठ्ठ्याहत्तरचे.
थोरल्या भावामागे पाटी घेऊन गेले.
मास्तरांनी डोक्यावरून हात कानाला पोचतो का पाहिलं,
नाही पोचला,
तरी तीन वर्षं वाढवून घेतलं आत.

हे मी जळगावच्या डॉक्टरांना सांगत होते,
कारण त्यांनी आधी वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं
आणि मग स्कॅन उघडला.
'ऐंशीच्या पुढे आम्ही सहसा…'
वाक्य तिथेच सोडलं.
गाठ शिरेच्या शेजारी आहे, चिकटलेली नाही.
म्हणजे निघू शकते.
म्हणजे निघेलच असं नाही.

'घरी कोण असतं?'
मी.
नवरा सुरतेला लूमवर, सासूला जाऊन नऊ वर्षं,
माझी अंगणवाडी दहा ते तीन.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
'मी' या शब्दाला डॉक्टर काय लिहितात, दिसलं नाही.

कार्ड केशरी, डोळे पिवळे.
रात्री खाज सुटली की दाराच्या चौकटीला
म्हशीसारखी पाठ घासतात आणि स्वतःच हसतात.
स्वादुपिंड म्हणे. नावात स्वाद,
आणि कळण्याची भाकरी लागते मातीसारखी.
दिवाळीत एकोणसत्तर किलो. आता छप्पन्न.
जिनिंगच्या काट्यावर पस्तीस वर्षं बसलेला माणूस
आपलीच घट बघून म्हणाला,
'वल्ला कापूस बी इतला उतरत नही.'

पुतण्या म्हणाला, या वयात पोट फाडू नका.
नणंद म्हणाली, नाही केलं तर लोक
माझ्या भावजयीला नावं ठेवतील.
चहा झाला. दुसऱ्यांदा झाला.
नानांना कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले,
हात न टेकता खुर्चीतून उठा.
उठले.
त्या टोकापर्यंत चालून या.
गेले, आणि येताना पाण्याच्या टाकीपाशी थांबून
एका म्हातारीची बाटली भरून दिली.
डॉक्टर घड्याळ बघायचं विसरले.

मग नानांनीच विचारलं,
'वरीसले असा कितला करतस तुम्ही?'
पोरगेला डॉक्टर, पण खोटं बोलला नाही.
'दोन. एखाद्या वर्षी तीन.
नाशिकला आमचे सर आहेत, त्यांच्याकडे आठवड्याला एक.'
'मंग तठेच. रोज वापरात राहस तोच काटा खरा.'

नाशिक पाच तास. पारोळ्यानंतर दोनदा गाडी थांबवली.
सरांनी शंभरातले किती, ते सांगितलं.
आकडा मी ऐकला
आणि घाटातल्या हॉर्नसारखा मागे जाऊ दिला.

आदल्या रात्री वॉर्डात शेवटी मी विचारलंच.
नाना, तुमच्या मनात काय आहे?
बराच वेळ सलाईन बघत राहिले.
'कागद पाहिसन अठ्ठावन्नले घर धाडं. मी पंचावन्नना व्हतू.
मना तीन वरीस जिनिंगनी कापी लिधात.
आते माले वापस पाहिजेत.'
तीनच?
'तीनच. जास्तीना मांगत नही.'

सकाळी संमतीपत्र आलं.
नानांनी चष्मा मागितला.
वयाच्या चौकटीत सावकाश लिहिलं, ८१.
त्याखाली रेघ मारून,
पावतीवर भरल्या गाडीखाली मारायचे तशी,
७८ निव्वळ.

सिस्टर म्हणाली, बाबा, एकच आकडा लिहायचा असतो.
पेन हातातच होतं.
काटा स्थिर होईपर्यंत थांबावं
तसे थांबले होते ते,
आणि ती तारीख घालायला विसरू नका म्हणत होती.